सालीबाहेरचा गाभा

१

दुपारचं जेवण उरकून भांडी पालथी घातली, की सरला पडवीत कांड्या घासायला बसायची. डहाणूजवळच्या सरावलीतलं हे छोटं घर तिच्या वडिलांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बांधलेलं. पुण्याच्या संस्थेतली नोकरी मुदतीआधी सोडून ती इथे परतली, तेव्हा सोबत एक सूक्ष्मदर्शक आणि कांड्यांच्या पेट्या एवढंच आणलं होतं. माणसं बरोबर आणण्यासारखी उरली नव्हती.

कांडी म्हणजे झाडाच्या पोटातला नमुना. खोडाला पोकळ गिरमीट लावायचं, फिरवत फिरवत गाभ्यापर्यंत न्यायचं आणि आतली पेन्सिलीसारखी सळी अलगद ओढून काढायची. झाड दर पावसाळ्याला अंगावर एक वलय चढवतं. पाऊस पोटभर झाला तर वलय रुंद, पावसाने तोंड फिरवलं तर बारीक. कांडी पट्टीवर चिकटवून पॉलिश पेपरने घासली, की पणजोबांच्या काळातले पावसाळे एकामागून एक उजळत येतात. सरलाने उभी हयात त्यातच काढली होती.

त्या दुपारी तिने तलासरीच्या डोंगरातल्या सागाची कांडी हातात घेतली. याच सागांपायी तिचं नाव मातीत गेलं होतं. तिचा जुना विद्यार्थी शैलेश लवकरच यायचा होता आणि त्याच्यासमोर एकही कांडी अस्वच्छ असलेली तिला चालणार नव्हती. घासता घासता तिचा हात थांबला.

वलयांना कमान असते. गाभ्याजवळची वलयं लहान, म्हणून कांडीवर ती घट्ट वळलेली दिसतात. सालीकडे जावं तशी कमान सैल होत जवळजवळ सरळ रेघ होते. कमानीवरून गाभा कुठल्या बाजूला हे शिकाऊ पोरालाही सांगता येतं. पूर्वी कितीदा मोजलेल्या या कांडीवर आज सगळं उलटं होतं. कमानी सालीकडे घट्ट होत गेल्या होत्या. सालीला टेकलेलं शेवटचं वलय तर करंगळीच्या नखासारखं वळलेलं. म्हणजे या झाडाचा गाभा झाडात नव्हता. सालीच्या बाहेर होता. गिरमीट फिरवणारा जिथे उभा राहतो, तिथे.

‘तुकडे उलटे चिकटवले असतील मीच,’ सरला पुटपुटली. पण कांडीला कुठे सांधा नव्हता, आणि साल आपल्या जागी घट्ट होती. तिने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.

“सरलाबेन, छास देऊ का?” कुंपणापलीकडून दक्षाने विचारलं. दक्षाचं घर सरलाच्या भिंतीला भिंत लावून. नवरा रेल्वेत, घरात म्हातारी सासू.

“नको गं,” सरला म्हणाली, आणि ती कांडी पेटीत सगळ्यांच्या खाली ठेवून दिली. ‘डोळे थकले’ हे कारण तिच्या हाताशी नेहमीच असायचं.

२

भांडण काय होतं, ते सांगायला हवं.

तलासरीच्या त्या सागांमध्ये सलग काही वलयं केसासारखी बारीक होती. सरलाने त्यावरून लिहिलं, की दीड-दोनशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाऊस फिरकला नव्हता, आणि तो पुन्हा तसा रुसू शकतो. चार ठिकाणी तिचं कौतुक झालं. मग शैलेशने तिच्याच कांड्या घेऊन तिला खोटं पाडलं.

शैलेश वाणगावचा. बाप लवकर गेलेला, आई भाजी विकायची. संस्थेत आला तेव्हा त्याला गिरमीट धरता येत नव्हतं. सरलाने त्याच्या हातावर हात ठेवून शिकवलं. डबा नसायचा, तर आपल्यातली पोळी काढून दिली. पुढे त्यानेच लिहिलं, की ती बारीक वलयं दुष्काळाची नव्हेतच. डोंगरातले लोक भाताच्या राबासाठी झाडांच्या फांद्या तोडतात, पाला वाळवून जमिनीवर जाळतात. फांद्या गेल्या की झाड उपाशी, झाड उपाशी की वलय बारीक. हा आभाळाचा नव्हे, कोयत्याचा इतिहास.

“राबाला ऐनाच्या फांद्या तोडतात,” सरला भर सभेत म्हणाली होती. “साग कोण तोडतं?”

“साग सरकारी. तोडला हे कबूल कोण करेल, मॅडम?” तो शांतपणे म्हणाला होता. “तुम्ही कोयत्याचे घाव आभाळावर ढकललेत, एवढंच माझं म्हणणं.”

सभा हसली होती. मोठ्याने नाही, पण हसली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं सरलाने पाहिली होती. हा तर वासे मोजून पुन्हा आकडा चुकला म्हणून सांगत होता.

त्यानंतर तिचं कुणी छापेना. पत्रांना उत्तरं येईनात. शेवटी संस्थेचे प्रमुख प्रल्हाद सर यांनी तोडगा काढला: दोघांनी मिळून त्याच झाडांच्या नव्या कांड्या घ्याव्यात, दोघांच्या डोळ्यांदेखत. जे निघेल ते दोघांनी मान्य करायचं. सरलाने होकार दिला, तो विज्ञानासाठी नव्हे. तिला शैलेशचं तोंड पडलेलं पाहायचं होतं.

३

ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं. शैलेश डहाणू रोडला उतरला तो जरा स्थूल झालेला, कानाशी पांढरा. जीपमध्ये दोघं मागे बसली, मधे गिरमिटाची पेटी. आशागड मागे पडलं.

“तब्येत बरी आहे ना, मॅडम?” त्याने अखेर विचारलं.

“तुझ्या कृपेने.”

तो खिडकीबाहेर बघू लागला.

पाड्यावर काकड्या वाट पाहत होता. उंबरगावच्या कारखान्यात पाळी करणारा चाळिशीचा माणूस. मागच्या वेळीही सामान त्यानेच वाहिलं होतं. त्याची आई नवशी अंगणात भाताच्या पेंढ्या उलटत होती. कापलेल्या भाताचा ओलसर वास सगळीकडे होता.

शैलेश तिच्यासमोर उकिडवा बसला. गोड बोलणं त्याला जमायचं. “आजी, वरच्या सागांच्या फांद्या तुमची माणसं राबाला तोडायची ना? जुन्या काळी?”

“नाय.”

“कधीतरी? पाला कमी पडला तर?”

“त्या सागांना आमी हात नाय लावत.”

सरलाने शैलेशकडे मुद्दाम पाहिलं नाही.

“का पण?” शैलेश म्हणाला.

नवशीने पेंढी उलटली. “दुसऱ्याच्या घरात गेलास तर सगळ्याच भांड्यांना हात लावतोस का तू?”

“म्हणजे देवाची झाडं आहेत?”

“देवाची कोन म्हनतो? देव खाली आहे, रस्त्याला.” मग तिने जीपमधून उतरवलेल्या पेटीकडे हनुवटी केली. “मागल्या खेपेलाच तुमी पाडलीत की भोकां. एवढी कशाला पाडली?”

“झाडाला एकच पाडलं, आजी,” सरला म्हणाली. “आणि मेणाने बुजवलंसुद्धा. झाडाला इजा होत नाही.”

“एकच?” नवशीने विचारलं. तिने मुलाकडे पाहिलं. काकड्या खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिला.

डोंगर चढताना शैलेश मागून म्हणाला, “हे लोक असंच सांगणार. याला पुरावा म्हणत नाहीत.”

“नाही,” सरला म्हणाली. “पुरावा तुला पटेल तोच.”

४

सागांची ती राई उतारावर होती. आजूबाजूचं रान वाऱ्याने सळसळत होतं, आणि सागांची ताटाएवढी पानं मात्र स्तब्ध. सरलाने ते पाहिलं, आणि पानं जड असतात म्हणून सोडून दिलं.

पहिल्याच झाडाशी शैलेश थबकला. “मॅडम, इकडे या.”

तिने बुजवलेलं भोक छातीच्या उंचीवर होतं. मेणावर साल चढू लागली होती. त्याच्या खाली आणखी एक भोक होतं. गोल, नेमकं, गिरमिटाच्याच मापाचं. त्याखाली आणखी. गुडघ्याच्या खाली, जिथे वाकूनही कुणी गिरमीट लावणार नाही, तिथेही एक. पलीकडच्या झाडांवर तेच.

“तर असं,” शैलेश म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “गुपचूप येऊन झाडाझाडाला कांड्या काढल्यात. ज्या जुळल्या त्या छापल्या, बाकीच्या फेकल्या.”

“मी?” सरला त्याच्याकडे वळली. “हे तूच केलंस. माझ्यावर ढकलायला केलंस!”

“मला काय गरज?”

“तुला कधी गरज लागली रे? पोळी खाल्लीस त्या हाताने—”

“ती पोळी अजून किती वर्षं काढणार आहात?”

दोघं त्या शांत झाडांखाली ओरडत होती. काकड्या दूर, राईच्या कडेला उभा होता. आत पाऊल टाकत नव्हता. ओरडता ओरडता सरलाची नजर त्या खालच्या भोकावर गेली. गिरमीट बाहेरून आत जातं, तेव्हा सालीची कड आत दबते. इथे कड बाहेर उमलली होती. फुलासारखी. सालीच्या बारीक चिपा बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या.

हे तिने शैलेशला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्याच्या चेहऱ्यावर त्या सभेतलं हसू आहे असं तिला वाटलं, आणि ती गप्प राहिली. पुढे कितीदा तरी तिला हे आठवणार होतं: कळण्याची वेळ होती, आणि तिने ती रागावर उधळली.

“काढ,” ती म्हणाली. “माझ्यासमोर काढ नवी कांडी.”

शैलेशने गिरमीट लावलं. जोर यावा म्हणून डावी नडगी खोडाला टेकवली, तिनेच शिकवल्यासारखी. लाकडातून ओळखीचा आवाज येऊ लागला. कुर्र, कुर्र, कुर्र. अर्ध्यावर घाम पुसायला तो थांबला.

आवाज थांबला नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शैलेशचे दोन्ही हात रिकामे होते. आवाज खोडातून येत होता, खालून, सावकाश. मग तोही थांबला.

“लाकूड तापलंय,” शैलेश म्हणाला. “ताण सुटतो.”

“हो,” सरला म्हणाली. एवढ्या एकाच गोष्टीवर त्या दिवशी त्यांचं एकमत झालं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तो समुद्राकाठच्या हॉटेलवरून सरावलीला आला. सरलाने टेबल पडवीत लावून ठेवलं होतं. नव्या कांड्या दोघांनी मिळून घासल्या. बारीक वलयं होती, तिथेच, तेवढीच. आणि प्रत्येक कांडीवर कमानी सालीकडे घट्ट होत गेलेल्या.

शैलेश कितीतरी वेळ भिंगातून डोळा काढेना. “साग कधी कधी विचित्र वाढतो,” तो अखेर म्हणाला. बोलताना तो डाव्या नडगीला खाजवत होता. कालपासून ते चाललं होतं.

“सगळेच?”

“मग ही झाडं वगळावी लागतील. दोघांच्याही आकड्यांतून.”

“वगळायची? माझं सगळं काम या झाडांवर उभं आहे!”

“न जुळणारं वगळतात, मॅडम. तुम्हीच शिकवलंत.”

तेवढ्यात आवाज आला. कुर्र. पडवीतून घरात जायच्या दाराची चौकट सागाची होती, वडिलांनी जुन्या बाजारातून हौसेने आणलेली. तिच्यातून तो येत होता. कुर्र, कुर्र. मग थांबला. मग पुन्हा, थोडा खालून.

“भुंगा आहे,” शैलेश म्हणाला. “लाकूड पोखरतो.”

“भुंग्याने पीठ पडतं.” सरला उठून चौकटीपाशी गेली. पीठ नव्हतं. उंबऱ्याशी फरशीवर एक कांडी पडली होती.

पिवळसर पांढरी, हलकी, पेन्सिलीएवढी जाड आणि बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब. तिने नाकाशी धरली. लाकडाचा वास नव्हता. पावसात भिजलेल्या खडूसारखा काहीतरी होता.

“हे काय?” शैलेशने तिच्या हातातून घेतलं. उजेडात फिरवलं. “तुम्ही ठेवलीत. मला घाबरवायला. राईतली भोकं, कालचा आवाज, आता हे. एवढ्यावर आलात तुम्ही?”

“मी नाही ठेवली. तूच—”

“बास, मॅडम.” त्याने ती कांडी खिशात घातली. “हे मी नेतो. प्रल्हाद सरांना दाखवतो.”

तो पायऱ्या उतरला तेव्हा विजारीचा पाय वर सरकला, आणि सरलाला त्याची नडगी दिसली. तिथे एक गोल ठिपका होता. रक्त नाही, सूज नाही. पेनाचं टोपण दाबल्यासारखा स्वच्छ, काळसर गोल. डास चावला की खाजवून होतं तसं, असं तिने स्वतःला समजावलं. रिक्षा गेल्यावर ती चौकटीपाशी बसली. गुडघ्याच्या उंचीवर भोक होतं, आणि चौकटीची कड बाहेर, घराच्या बाजूला उमलली होती.

६

दिवाळी झाली तसा शैलेशच्या बायकोचा, श्रुतिकाचा फोन आला. तिला सरलाने लग्नात साडी दिली होती. त्यानंतर बोलणं नव्हतं.

“जिन्यावरून उतरताना पाय मोडला त्यांचा, मॅडम. नुसतं उतरताना. डॉक्टर म्हणतात हाडात आरपार बोगदा आहे. सरळ. ड्रिलने पाडावा तसा. कडा बऱ्या झालेल्या, म्हणे हे कित्येक वर्षांचं जुनं आहे. आणि वरून कसल्यातरी काळ्या डिंकाने बुजवलंय. नीट बुजवलंय, मॅडम.” तिचा आवाज फाटला. “तुम्ही तिथे त्यांना काय केलंत?”

“मी काही केलं नाही, श्रुतिका.”

“त्यांना बोलायचंय तुमच्याशी.”

शैलेशचा आवाज अगदी जवळून आला. थकलेला. त्यात तो वाणगावचा पोरगा होता, डबा न आणणारा.

“ती कांडी मी घासली, मॅडम. घरीच. ते लाकूड नाही.”

सरलाने दारातून पडवीतल्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

“वलयं आहेत त्यात. मी मोजली. सवय जात नाही. वडील गेले त्या सालचं वलय केसाएवढं आहे. पुढची दोन तशीच. आई फक्त रात्री चूल पेटवायची ती वर्षं. मग संस्थेत आलो तिथून ती रुंद होतात.” तो थांबला. “तुमची पोळी दिसते त्यात.”

सरलाने भिंतीला हात टेकला.

“मॅडम, मी चुकलो होतो. कोयता नव्हता.”

इतकी वर्षं तिने हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. झोपेत ऐकलं होतं. आता ते आलं, आणि घोटभर पाण्यासारखं घशातून खाली उतरलं. लाज वाटावी इतकं गोड लागलं.

“पण पाऊसही कमी नव्हता, जुन्या नोंदी मी पुन्हा पाहिल्या,” शैलेश म्हणाला. “तेव्हा त्या झाडांचं काहीतरी वेगळंच— मॅडम, तुम्ही स्वतःचे पाय पाहिलेत?”

पलीकडे कुणीतरी फोन काढून घेतला.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आणि शैलेश गेला. सरला अंत्यदर्शनाला गेली नाही; कुणी ये म्हटलं नव्हतं. तेराव्यानंतर प्रल्हाद सरांचा फोन आला. ते हळहळले, चांगला माणूस गेला म्हणाले. मग घसा साफ केला.

“त्या तलासरीच्या झाडांचं, सरलाताई. समितीने ठरवलंय की ती दोन्ही बाजूंनी वगळावीत. न जुळणारे नमुने. आता शैलेश नसताना वाद वाढवणं बरं दिसणार नाही.”

“पण त्याने मान्य केलं होतं, सर. फोनवर. कोयता नव्हता म्हणाला.”

“गेलेल्या माणसाच्या तोंडी असं घालू नये, ताई,” प्रल्हाद सर हळुवारपणे म्हणाले. त्या हळुवारपणातच तिला कळलं, की ते तिला आता खोटारडीही समजत नाहीत. वेडी समजतात.

७

त्यानंतर सरलाने कांड्या घासणं सोडलं. पेट्या माळ्यावर टाकल्या. जेवून झालं की ती मधल्या खोलीत चटईवर आडवी व्हायची. शैलेशशी भांडण होतं तेव्हा सकाळी उठायला निमित्त होतं. आता भांडायलाही कुणी नव्हतं. एवढा राग उरला होता, आणि त्याला जायला घर नव्हतं.

पाय ती रोज पाहायची. काही नसायचं. सुरकुत्या, शिरा, जुना भाजल्याचा डाग.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिचा डोळा लागला आणि उघडला, तेव्हा दारातून आलेलं ऊन फरशीवर पसरलं होतं. आवाज येत होता. कुर्र, कुर्र. अगदी जवळ. दुखत नव्हतं. पायाच्या हाडात काहीतरी फिरत असल्याची नुसती जाणीव होती, दात काढताना बधिर हिरडीत होते तशी. तिला मान पुरती उचलता येईना. जेवढी उचलली तेवढ्यात दिसलं ते असं.

तिच्या पायाशी कुणीतरी ओणवं होतं. त्याचा रंग तिला कळला नाही, कारण ऊन त्याच्यावर पडत नव्हतं. तेवढी जागा सोडून आजूबाजूला पडत होतं. हात दिसले. दोन्ही तळवे आडव्या दांड्यावर, एकसारखा जोर, घाई नाही. हात कसलेले होते. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतं. एकदाही पाहिलं नाही. आणि सरलाला ओरडावंसं वाटण्याआधी हे वाटलं, की इतक्या वर्षांत, इतक्या झाडांशी, आपण तरी मान वर करून कधी शेंडा पाहिला?

आवाज थांबला. त्याने काहीतरी बारीक बाहेर ओढलं आणि उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं. सरला वाट पाहत होती, परीक्षकासमोर बसल्यासारखी. शैलेशची कांडी त्याने टाकून दिली होती. तिची टाकली नाही. सावकाश, जपून, कुठेतरी आत ठेवली. मग तिच्या नडगीवर ऊबदार, चिकट असं काहीतरी दाबलं गेलं, अंगठ्याने दाबावं तसं. आणि त्या भीतीच्या तळाशी, स्वतःचीच किळस यावी असं, तिला क्षणभर बरं वाटलं. किती वर्षांनी तिचं काहीतरी कुणाला ग्राह्य वाटलं होतं.

मग ऊन सगळ्या फरशीवर सारखं पडलं.

ती भिंतीला धरून उठली. पाय भार घेत होता. नडगीवर एक गोल होता, काळसर, नीट बुजवलेला. तिने त्याला हात लावला नाही. ती तशीच उभी राहिली, कारण भिंतीपलीकडे, दक्षाच्या घरात, आवाज सुरू झाला होता.

“दक्षा!” तिने भिंतीवर मूठ आपटली. “दक्षा, बाहेर ये! घराबाहेर पड!”

“काय झालं, सरलाबेन?” दक्षाचा आवाज अंगणातून आला. ती कपडे वाळत घालत असावी. “मी बाहेरच आहे. तुमच्याकडे सुतार आलाय का? केव्हाचं काहीतरी कुरकुरतंय.”

“सासूबाई कुठे आहेत?”

“आत. निजल्या आहेत. का?”

सरला पडवीत धावत आली. धावता येत होतं, हेच विचित्र वाटत होतं. दक्षा हातात ओली चादर घेऊन तिच्याकडे पाहत होती. तिच्या घरातला आवाज तेवढ्यात थांबला. काम उरकल्यासारखा थांबला. आणि गल्लीत पलीकडच्या घरातून, मग त्याच्याही पलीकडून, तो हलकेच सुरू झाला.

एका नमुन्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे सरलाने जन्मभर पोरांना शिकवलं होतं.